वस्तूंची पाठवणी

वस्तू घरात येते तेव्हा तिला हळदकुंकू लागते. शिलाईचे यंत्र असो, फ्रीज असो, नाहीतर मुलाची नवी सायकल असो. तिच्यावर कुंकवाचे बोट उमटते, फूल वाहिले जाते, शेजारी पेढे जातात. पुढे दर दसऱ्याला तिला झेंडूची माळही मिळते. हीच वस्तू घरातून जायला निघते तेव्हा मात्र कोणी तिच्याकडे वळून पाहत नाही. ती मागच्या दाराने जाते, किंवा रात्रीच्या वेळी जिन्याखाली जाऊन बसते, आणि सकाळी ती कुणाची हे साऱ्या सोसायटीत कुणालाच ठाऊक नसते. आपल्याकडे गृहप्रवेशाला मुहूर्त आहे, वाहन घ्यायला मुहूर्त आहे, सोन्यासाठी तर साडेतीन आहेत. पण जुनी गादी बाहेर काढायला पंचांगकर्त्यांनी एकही मुहूर्त दिलेला नाही.

म्हणूनच की काय, आपण ती काढतच नाही. आपण तिला माळ्यावर चढवतो. माळा ही मराठी घराने केलेली एक मोठी सोय आहे. तिथे गेलेली वस्तू घरात नसते आणि घराबाहेरही नसते. दिवाळीच्या आधी शिडी लागते, तोंडाला फडके बांधून कोणीतरी वर चढते, सगळ्या वस्तू खाली येतात, पुसल्या जातात, "अगंबाई, हे अजून आहे का!" असे दोनचार उद्गार निघतात, आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळ्या वस्तू पुन्हा वर जातात. याला आपण आवराआवर म्हणतो. खरे पाहता ती वस्तूंची वार्षिक यात्रा असते. यात्रेहून माणसे परत येतात, तशा याही येतात.

आमच्या लहानपणी हा प्रश्न इतका बिकट नव्हता. आम्ही मोठे विरक्त होतो असे मात्र मुळीच नाही. पतंजलींनी यमांमध्ये अपरिग्रह सांगितला आहे हे आम्हाला फार उशिरा कळले. त्याच्या कितीतरी आधी तो आम्हाला वडिलांच्या पगाराने शिकवला होता. घरात आलेल्या प्रत्येक कापडाचा पुढचा प्रवास ठरलेला असे. आजीचे लुगडे मधे विरले की दोन्ही बाजूंचे धड भाग जोडून त्याला दांड भरायचा. दांडाचे लुगडेही टिकेनासे झाले की त्याची बाळंतिणीसाठी दुपटी आणि झबली. ज्या घरी पाळणा हलत असेल तिथे ती जायची आणि तिथून पुढच्या घरी. उरलेल्याची गोधडी. गोधडी फाटली की तिच्यावर नवे अस्तर. आणि अगदी शेवटी जो तुकडा उरे तो स्वयंपाकघरात पोतेरे म्हणून वर्षभर नांदे. कापसाची गादी दबली की पिंजारी दारात बसून कापूस पिंजून देई आणि त्याच कापसाची नवी गादी होई. पितळेच्या भांड्याला कल्हई लागे. फुटले तर ते मोडीत जाई आणि त्याच्या वजनाइतका मान त्याला मिळे.

आणि बोहारीण होती. दुपारची जेवणे आटोपून वाडा जरा सुस्तावला की तिची हाक यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत गाठोडे. ओट्यावर बसून ती आमच्या आईने काढलेला एकेक कपडा उचली, उजेडासमोर धरी, काखेत आणि गुडघ्यावर बोटे फिरवी, आणि चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणे, "यात काय नाय राहिलं, बाई." मग तासभर घासाघीस चाले. एका पातेलीसाठी दोन पँटी, एक कोट आणि "वर एक साडी टाका." त्या गाठोड्यातले कपडे पुढे निवडले जात, टाके घालून, धुऊन, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात जात आणि ज्यांना नवे परवडत नसे त्यांच्या अंगावर चढत. अगदीच गेलेल्या सुती चिंध्या कारखान्यांत यंत्रे पुसायला जात.

या व्यवहाराकडे मी आता मागे वळून पाहते तेव्हा मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यात उपकार नव्हता. बोहारणीला एखादा कपडा पटला नाही की ती तो सरळ आईच्या पुढ्यात परत टाकी. "ह्ये राहू द्या." आईला राग येई, पण बोलायला जागा नसे. घेणाऱ्या बाईला 'नको' म्हणता येत होते, आणि म्हणून देणाऱ्या बाईला आपल्या कपड्याची खरी किंमत कळत होती.

पुढे वस्तू वाढल्या आणि त्यांची जातही बदलली. सुती लुगड्याची गोधडी होते. नायलॉनच्या साडीची होत नाही, ती घाम टिपत नाही आणि अंगावरून घसरते. फोमची गादी पिंजाऱ्याला दाखवली तर तो हसतो. भुशाच्या दाबून केलेल्या फळ्यांचे कपाट एकदा पावसात भिजले की सुताराच्या कामाचे राहत नाही आणि चुलीच्याही. दोन-तीन प्रकारचे धागे एकत्र विणलेले कापड पुन्हा सुटे करणे महाकठीण. पूर्वी वस्तूला पुढचा जन्म होता, मग त्याच्या पुढचा. आताच्या पुष्कळ वस्तूंना हा एकच जन्म आहे.

मारी कोंडो नावाच्या जपानी बाईंचे आवराआवरीवरचे पुस्तक गेल्या काही वर्षांत जगभर वाचले गेले. वस्तू हातात घ्यावी, तिने मनाला आनंद होतो का ते पाहावे, होत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यावा, असे त्या सांगतात. आभार मानण्याची कल्पना मला मनापासून आवडली. ज्या पंचांगात निरोपाला मुहूर्त नाही त्या पंचांगाच्या लोकांनी ती शिकण्यासारखी आहे. पण माझे मन पुढच्याच प्रश्नापाशी अडून राहिले. मला आनंद होतो की नाही हे मी अर्ध्या मिनिटात सांगू शकते. ती वस्तू दाराबाहेर पडल्यावर कुणाच्या दारात जाणार, आणि त्याला ती हवी आहे का, हे सांगायला कधीकधी महिना लागतो.

हा महिना, खरे म्हणजे तीन महिने, २०२३ साली आमच्या वाट्याला आले. नारायण पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला गेला. तीन खोल्या आणि एक माळा रिकामा करायचा होता. आई तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. वडील जाऊन चार वर्षे झाली होती. ती माझ्याकडे राहायला येणार होती आणि माझे घर दोन खोल्यांचे. भावाने बंगलोरहून फोनवर सुचवले की एकदम सगळे उचलणारे लोक असतात, त्यांना सांगू. असे लोक खरोखरच असतात. ते येतात, घरावरून एक नजर फिरवतात, एक आकडा सांगतात आणि दुपारपर्यंत टेंपो भरून मोकळे होतात. आईने फोन माझ्या हातातून घेतला.

"मी गेल्यावर करा तसं. मी आहे तोवर विचारून द्यायचं."

तिने दोनशे पानी वही आणायला लावली. पट्टीने तीन रकाने आखले : वस्तू, कुणाला विचारले, काय म्हणाले. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या रकान्यात बहुतेक 'नको'च भरले गेले. शेजारणीला पाटा-वरवंटा नको होता. भाचीला बंब नको होता. "मामी, गीझर आहे ना," ती म्हणाली. पाळणा कुणालाच नको होता. आई प्रत्येक 'नको' सुवाच्य अक्षरात लिही आणि पुढच्या ओळीवर जाई. मला वाटले होते की तिला वाईट वाटेल. पण वाडा सोडण्याचे तिचे दुःख वेगळे होते आणि ते ती रात्री एकटीच पाहत असावी. दिवसा ती हिशेबनिसासारखी बसे.

कपड्यांची वेळ आली तेव्हा तिने अकरा साड्या निवडल्या. फाटक्या बाजूला काढून, चांगल्या धुऊन, घड्या घालून ठेवल्या. वीस वर्षे घरी कामाला येणाऱ्या बाईंना त्या द्यायच्या होत्या. त्या बाईंनी हात पुसले, साड्यांवरून एकदा हात फिरवला आणि जरा वेळाने म्हणाल्या, "आजी, राग नका मानू. साड्या नको. मागच्या दिवाळीला तीन घरच्यांनी दिल्या, ते गाठोडं अजून सोडलं नाही. आमची खोली दहा बाय दहाची. तुमचा माळा मी कुठं ठेवू?"

मी चपापले. आई मात्र हसली, अगदी मोकळेपणाने हसली. तिने वहीत 'नको' लिहिले आणि विचारले, "मग काय हवंय?"

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग खिडकीखाली बोट दाखवून म्हणाल्या, "ते मशीन कुणाला देणार? सून ब्लाऊज शिवते. दुसऱ्याच्या मशीनवर, भाडं देऊन."

ते यंत्र आईने १९६४ साली हप्त्यांनी घेतले होते. त्यावर तिने आमचे फ्रॉक शिवले, वाड्यातल्या बायकांची पोलकी शिवली, आणि माझी कॉलेजची दोन वर्षांची फी त्याच यंत्रातून निघाली. आणि ते नातीने मागितले होते. तिला शिवता येत नाही. ती ते दिवाणखान्यात आरशाखाली ठेवून त्यावर एक झाड ठेवणार होती. तसे एक चित्रही तिने पाठवले होते, आणि खरे सांगायचे तर ते फार देखणे दिसत होते. नातीचे आजीच्या वस्तूवर प्रेम होते, त्यात खोटे काही नव्हते.

आईने दोन दिवस त्याविषयी कुणाशीच बोलणे काढले नाही. तिसऱ्या दिवशी तिने नातीला फोन लावला. "अगं, ते चालतं अजून," ती म्हणाली. "चालत्या यंत्रावर कुंडी नको ठेवू." पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग नात म्हणाली, "बरं आजी, राहू दे." ती रुसली होती, हे आवाजावरून कळत होते. वहिनींचे फोनही पुढचे काही दिवस जरा तुटक झाले. आईने मला पेठेत पाठवून यंत्राचा चामडी पट्टा बदलून आणायला लावला, तेल घातले, एका चिंधीवर शिवण घालून पाहिली आणि मगच ते दिले. "बिघडलेली वस्तू देणं म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात खर्च घालणं," ती म्हणाली.

त्या अकरा साड्यांकडे पाहताना मला २००४ च्या डिसेंबरातली त्सुनामी आठवली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपडे गेले होते, आणि त्यांतले ढीगच्या ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले, कारण ते तिथल्या लोकांच्या वापरातले नव्हते. ज्याचे घर वाहून गेले त्याला बोहारणीसारखे 'ह्ये राहू द्या' म्हणायची सोय नसते. तो कपडा रस्त्याच्या कडेला ठेवतो. त्याचा 'नको' तो असा सांगतो. १९९९ साली अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेने त्या ढिगांतले कपडे निवडायचे काम अंगावर घेतले होते. गूंजची एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. गावातले लोक मिळून विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून त्यांना कपडे मिळतात. अंगावर घालण्याजोगे नसलेले सुती कापड धुऊन, निर्जंतुक करून त्याच्या पाळीच्या दिवसांतल्या घड्या केल्या जातात. अंशू गुप्तांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा त्यामागे मला आमच्या ओट्यावरच्या त्या बोहारणीचेच शास्त्र दिसले : द्यायचे, पण घेणाऱ्याची मान ताठ ठेवून.

लोकरीच्या कपड्यांचे आणखी एक गाव आहे आणि त्याचे नाव ऐकून मराठी माणूस दचकतो. पानिपत. जगभरातले जुने लोकरी कोट आणि स्वेटर तिथे येतात, रंगांप्रमाणे निवडले जातात, गुंड्या आणि अस्तरे काढून फाडले जातात, पिंजून त्यांचे पुन्हा सूत होते आणि त्या सुताची कांबळी होतात. पिंजारी आमच्या दारातून गेला खरा, पण तिथे तो कारखाना थाटून बसला आहे.

कपड्यांपेक्षा पुस्तके अवघड. वडील शिक्षक होते. नऊशेच्या आसपास पुस्तके त्यांच्यामागे उरली. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड त्यांनी एका निवृत्त मुख्याध्यापकांकडून टांग्यात घालून आणले होते. एका वाचनालयात मी फोन केला तेव्हा ग्रंथपाल नम्रपणे म्हणाले, "आमच्याकडे दोन संच आहेत. तिसऱ्याला कपाट नाही. यादी पाठवा, हवी ती सांगतो." पुष्कळ लोक यावर रागावतात. वडिलांची पुस्तके फुकट देत असताना नको म्हणणारा हा कोण! पण वाचनालय म्हणजे काही पुस्तकांचा माळा नाही. ज्या पुस्तकाला वाचक येणार नाही ते ठेवून घ्यायचे म्हणजे त्याला दुसऱ्या अंधारात ढकलायचे. आम्ही यादी केली. यादी करण्यात बारा दिवस गेले आणि त्या बारा दिवसांत वडील पुन्हा घरात वावरले. वाचनालयाने चाळीस पुस्तके मागून घेतली. एका तरुण प्राध्यापकाने समीक्षेची सगळी नेली. ज्ञानकोश आता संगणकावर वाचता येतो, तरी एका तालुक्याच्या गावी शाळामास्तरांनी चालवलेल्या वाचनालयाला तो कपाटात हवा होता. आईने वाहतुकीचे पैसे स्वतः भरले. मुलीच्या पाठवणीला गाडीभाडे आपणच द्यायचे असते, असे काहीसे ती पुटपुटली. कालबाह्य झालेली पाठ्यपुस्तके मात्र तिने सरळ रद्दीत घातली. ज्याचा उपयोग संपला त्याचा कागद होऊ द्यावा, असे तिचे म्हणणे होते.

रद्दीत घालण्यापूर्वी सुट्या कागदांवरून मात्र एकदा नजर फिरवावी. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घरांतली दप्तरे गोळा करीत होते. वाळवी आणि वाणी या दोघांच्या आधी पोचायची त्यांची धडपड असे. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पानिपतच्या मोहिमेची कितीतरी पत्रे त्यामुळे आपल्याला वाचायला मिळाली. पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आमच्या ट्रंकेच्या तळाशी मोडी लिपीतल्या दोन वह्या निघाल्या. त्यांत इतिहासाला हादरा देणारे काही नव्हते. पणजोबांच्या काळचे गुळाचे आणि तुपाचे भाव होते. पण मोडी वाचणाऱ्या एका अभ्यासकाने त्या दोन्ही हातांनी घेतल्या, कारण ते भावच त्याला हवे होते.

घरगुती वस्तूंना असा वारस मिळाल्याचे सर्वांत मोठे उदाहरण तर पुण्यातच आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी साधारण १९२० पासून जुन्या घरांतले अडकित्ते, दिवे, कुलपे, वज्र्या, फण्या जमवायला सुरुवात केली. लोकांना जे मोडीत घालावेसे वाटत होते त्यावरची नक्षी त्यांना दिसत होती. आपला मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तू आहेत त्या. मी तिथे जाते तेव्हा मला कारागिरांइतकीच केळकरांची पाठ दिसते, कुठल्यातरी वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यावर वाकलेली. पण प्रत्येक अडकित्त्याला केळकर भेटत नाहीत, आणि आमच्या पाटा-वरवंट्याला तर संग्रहालयानेही 'नको'च म्हटले असते.

वहीच्या शेवटच्या पानांवर ज्या वस्तू उरल्या त्या खरोखर कुणालाच नको होत्या. काचेच्या मोठ्या नळीचा दूरदर्शन संच, फुगलेली बॅटरी, तीन मुके मोबाइल, फोमची गादी, मुदत संपलेली औषधे. अशा वस्तू आपण 'गेल्या' म्हणतो, पण त्या जातात कोठे? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत जात होता. तिथले पाणी नासले, डेपोला आगी लागल्या, आणि गावकऱ्यांनी वेळोवेळी रस्त्यावर येऊन कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्यांचा तो 'नको' शहराला ऐकू यायला कितीतरी वर्षे लागली.

जुन्या दूरदर्शन संचाच्या काचेत शिसे असते. तो फोडला, किंवा वायरी जाळून तांबे काढले, तर जो ते करतो त्याच्या आणि त्याच्या मुलांच्या छातीत तो धूर जातो. विजेच्या टाकाऊ उपकरणांसाठी सरकारने २०२२ साली नवे नियम केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. माल बनवणाऱ्यावर तो परत मार्गी लावण्याची जबाबदारी त्यांत आहे, आणि हे काम नोंदणी झालेल्या पुनर्वापर कारखान्यातच व्हावे असे बंधन आहे. भंगारवाल्याने आमच्या संचाला दोनशे रुपये देऊ केले होते. नोंदणी असलेल्या ठिकाणी तो नेऊन द्यायला टेंपोलाच साडेतीनशे पडले. आईने दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि टेंपो बोलावला.

हा कचरा रोज हाताने निवडणाऱ्या बायकांना पुण्यात आपली संघटना आहे. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातून निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करायला घेतला. आमच्याकडे येणाऱ्या बाईंच्या अंगठ्यावर एक आडवा वण आहे. फुटलेला काचेचा पेला कुणीतरी तसाच पिशवीत टाकला होता. फुटकी काच चार पदरी वर्तमानपत्रात गुंडाळून वर 'काच' असे लिहायला अर्धे मिनिट लागते. घर रिकामे करण्याच्या शास्त्रातला हा सर्वांत छोटा धडा असेल, पण माझ्या मते पहिला.

काही वस्तूंनी मात्र आम्हाला काहीच त्रास दिला नाही. वडिलांच्या आजारपणातला वरखाली होणारा पलंग आणि चालण्याची चौकट रुग्णसाहित्य केंद्रात दिली. अशी केंद्रे बऱ्याच गावांत आहेत. अनामत रक्कम ठेवून वस्तू न्यायची आणि गरज संपली की परत करायची. चार दिवसांतच तो पलंग कुणाच्यातरी घरी गेला. वहीच्या तिसऱ्या रकान्यात आईने लिहिले, 'लगेच हवा होता.' वाचून मला बरे वाटले आणि वाईटही.

सर्वांत शेवटी पितळेचा मोठा डबा उरला. त्यावर आईचे सासरचे नाव आणि १९५९ साल कोरलेले आहे. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ते काही मिरवण्यासाठी नव्हे. वाड्यात कुणाकडे मुंज निघाली की घराघरांतली भांडी एकत्र व्हायची. कार्य उरकल्यावर ज्याचे त्याला ओळखून परत जावे, म्हणून नाव. आईने तो डबा माझ्याजवळ दिला आणि भांड्यांच्या दुकानात पाठवले. कोरणाऱ्याने विचारले, "वरचं नाव घासून काढू?" मी म्हटले, "नको. खाली घाला." आता त्यावर दोन नावे आहेत. खालचे नातीचे आहे आणि साल २०२३. डबा बंगलोरला गेला. त्यात ती तांदूळ ठेवते. मी मुद्दाम विचारून घेतले आहे.

आई आता माझ्याकडे असते, एक ट्रंक, पंधरा पुस्तके आणि ती वही घेऊन. आवराआवरीत ती काय शिकली ते तिने कधी सांगितले नाही, पण तिचा एक प्रश्न मात्र आमच्या घरात कायमचा राहायला आला आहे. मी काही नवे घ्यायचे म्हटले, एखादे यंत्र, एखादी खुर्ची, की ती चष्म्यावरून पाहते आणि विचारते, "हे जाताना कुठं जाईल?" दुकानदाराला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. मलाही बहुतेक वेळा येत नाही, आणि मग ती वस्तू दुकानातच राहते. माळा नसलेल्या घरात हे फार सोयीचे पडते.

दिवाळी अंकांचीही मला या निमित्ताने काळजी वाटते. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून आजवर मराठी माळ्यांवर किती अंक चढले असतील त्याची गणती नाही. वडिलांच्या गठ्ठ्यातले तीस एका रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात गेले आणि तिथे ते फाटेपर्यंत वाचले जात आहेत. हा अंकही वाचून झाला की त्याला वर चढवू नका. शेजारी विचारून पाहा, हवा आहे का म्हणून. आणि ते 'नको' म्हणाले, तर रागावू नका. पुढच्या घरी विचारा.